चित्रातला शिंपला

“शिंपला कुठंय, रेमेतीन?”

सिस्टर लिबेराता माझी पाटी वर धरून सगळ्या वर्गाला दाखवत होत्या. पाटीवर मी नदी काढली होती, नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला येशू काढला होता, आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतणारा योहान. योहानाची दाढी इतकी झकास जमली होती की मी मनातल्या मनात शाबासकी घेऊन मोकळी झाले होते.

“पाण्याच्या धारा काढल्यात ना, सिस्टर,” मी म्हटलं.

“धारा कशातून पडतायत? हवेतून? चित्रात बघ. योहानाच्या हातात काय आहे?”

“शिंपला.”

“आणि तुझ्या योहानाच्या?”

“काही नाही.”

“चित्रात जे आहे ते सगळं आलं पाहिजे. एक वस्तू सुटली की बाप्तिस्मा अपुरा. हात पुढे कर.”

मी हात पुढे केला. ज्या छडीनं त्या चित्रं दाखवायच्या, तीच छडी हातावर बसली. पोरी खुसूखुसू हसल्या. मला दुखलं त्यापेक्षा दाढीकडे कुणी बघितलंच नाही याचा राग जास्त आला.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वसईच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, मराठी माध्यमाची कॉन्व्हेंट शाळा आणि दर गुरुवारी धर्मशिक्षणाचा तास. सिस्टर लिबेराता गोव्याच्या, उंच, सावळ्या. त्यांच्याकडे परदेशातून आलेली गुंडाळीची मोठी मोठी रंगीत चित्रं होती. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास यायचा, मग सिस्टर एक गुंडाळी दोन्ही हातांत तान्ह्या पोराला घ्यावी तशी घेऊन यायच्या, फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायच्या आणि दोरी सोडायच्या. सरसर करत चित्र खाली उतरायचं. त्या काळात आमच्या घरांत रंगीत असं दुसरं काय होतं? आम्ही तोंडं उघडी टाकून बघत बसायचो. सिस्टर म्हणायच्या, “कानानं ऐकलेलं विसरतं. डोळ्यानं बघितलेलं मरेपर्यंत राहतं.” ते मात्र खरं बोलल्या बाई. मी सत्तरीला आले तरी ती चित्रं मिटलेल्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहेत.

बाप्तिस्म्याच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात आणखी एक छोटं चित्र होतं. एक घर, एक खाट, खाटेवर आजारी बाळ, आणि एक बाई त्याच्या कपाळावर पाणी ओततेय. तिच्याही हातात शिंपला. चांगला तळहाताएवढा, पंख्यासारखा, वर उभ्या रेघा असलेला. सिस्टरांनी समजावून सांगितलं होतं की बाळ मरायला टेकलं असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. आई, शेजारीण, हिंदू, मुसलमान, कुणीही. ते शब्द त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले होते.

पण मला रात्री झोपू द्यायची नाहीत ती दुसरीच दोन चित्रं. एक नरकाचं. त्यात ज्वाळा होत्याच, पण ज्वाळांच्या वर एक घड्याळ होतं आणि त्याला काटे नव्हते. “म्हणजे किती वाजले कधीच कळत नाही,” सिस्टर म्हणायच्या. “खोटं बोलणारे, चोरी करणारे, सगळे इथं.” दुसरं चित्र लिंबोचं. लिंबो आता कुणी शिकवत नाही, तेव्हा शिकवायचे. बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं तिथं जातात म्हणे. करडं आभाळ, करडी जमीन आणि ओळीनं निजलेली बाळं. सिस्टर छडी एकेका बाळावरून फिरवत म्हणाल्या होत्या, “ही रडत नाहीत. यांना काही दुखत नाही. पण देवाचं तोंड यांना कधी दिसायचं नाही.”

मी हळूच पुढच्या बाकाशी सरकून एकेक तोंड निरखून बघत होते.

“काय शोधतेस?” सिस्टरांनी विचारलं.

“आमची बहीण,” मी म्हटलं.

सिस्टरांनी गुंडाळी वर ओढून घेतली आणि आम्हाला प्रार्थना म्हणायला लावली.

बहिणीचं खरं होतं. माझ्यानंतर दोन वर्षांनी आयला एक मुलगी झाली, आणि श्वासही न घेता गेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून सिमेतरीतल्या कबरींच्या पवित्र जमिनीत जागा नाही. आमची सिमेतरी समुद्राच्या वाटेवर, चारी बाजूंनी दगडी भिंत. बानं तिला त्या भिंतीच्या बाहेर, केवड्याच्या बेटाच्या कोपऱ्यात पुरलं आणि वर एक सपाट दगड ठेवला. तिला नावही नव्हतं. मृतांच्या सणाला सगळे आत आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावायचे. आय पण लावायची, आजीच्या, आजोबांच्या. मग सगळे पांगले की एक मेणबत्ती पदराखाली धरून बाहेर जायची. मी सोबत असायचे. “कुणाला सांगू नको हां, रेमी,” एवढंच बोलायची.

त्या जानेवारीत आय पुन्हा पोटुशी होती. दिवस भरायला अजून महिना होता. आय रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाली की पोटावर हात ठेवून एकच मागायची, “ह्याला भिंतीबाहेर जाऊ देऊ नको रे, देवा.” मोठ्यानं मागायची. मला ऐकू जायचं.

शेजारच्या गावच्या चर्चचा सण होता त्या दिवशीची गोष्ट. छडी बसून तीन-चार दिवसच झाले होते. आमचं सगळं गाव तिकडे जेवायला गेलं होतं. बा आमच्या चर्चच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा, त्यामुळे तो सकाळीच पांढरा डगला चढवून निघाला. आमच्या फादर हिलरींना तिकडच्या मिस्साच्या उपासनेला बोलावणं होतं. सिस्टर लोकही गेल्या. आयला उन्हातून चालवेना म्हणून ती घरी, आणि तिच्या सोबतीला मी. माझं तोंड फुगलेलं. सणाला डुकराच्या मटणाचं सोरपोतेल मिळणार होतं, आणि मी इथं पेज ढवळत बसलेले!

आय मागच्या दारी भांडी घासता घासता एकाएकी खाली बसली. “रेमी,” म्हणाली, “पळ. दुर्पदामावशीला घेऊन ये. थांबू नको कुठं.”

दुर्पदामावशी भंडाऱ्यांच्या वाडीतली सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा. मी तिला अक्षरशः ओढत आणलं. तिनं आयला आतल्या खोलीत निजवलं, मला पाणी तापवायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मी चुलीशी बसून फुंकणीनं जाळ फुंकत होते. आतून आयचं कण्हणं येत होतं. मग ते थांबलं. बाळाचं रडणं काही आलं नाही.

दार उघडलं. मावशीनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. “मुलगा आहे. छातीशी धर, ऊब दे.”

“रडत का नाही?”

“अंगात जीवच नाही पुरता. टिकायचं नाही गं हे. मला तुझ्या आईकडे बघू दे, तिचं रक्त थांबत नाही. ती गेली तर सगळंच गेलं.”

“आय बोलत का नाही?”

“शुद्ध हरपलीय तिची.” मावशी आत वळली आणि वळता वळता म्हणाली, “आणि हे बघ, तुमच्यात पाणी घालतात ना पोराच्या डोक्यावर? तुझी आय मागच्या खेपेला फार रडली होती त्यापायी. काय घालायचं ते घालून घे. वेळ नाही जास्त.”

“मी?”

“मग कोण? मला ते येतं का?” आणि दार लागलं.

मी बाळाकडे बघितलं. एवढंसं तोंड, ओठ वांग्याच्या रंगाचे. थांबून थांबून श्वास घेत होतं. एक श्वास घेतला की पुढचा येतो की नाही म्हणून माझाच श्वास अडकायचा. इतकी घाबरले होते मी की रडायलासुद्धा येईना. घरात कुणी नाही, शेजारी कुणी नाही. लांबून सणाचे फटाके ऐकू येत होते.

शब्द मला येत होते. पाणी माठात होतं. पण शिंपला?

हसू नका. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र सरसर खाली उतरलं होतं. खाट, बाळ, बाई, आणि तिच्या हातात शिंपला. एक वस्तू सुटली की बाप्तिस्मा अपुरा. अपुरा म्हणजे झालाच नाही. झाला नाही म्हणजे करडं आभाळ आणि भिंतीबाहेरचा केवडा. छडीच्या आठवणीनं माझा तळहात हुळहुळला.

मागच्या दारी उकिरड्यावर आदल्या दिवशीच्या कालवणातल्या तिसऱ्यांची टरफलं पडली होती. मी एक उचललं. नखाएवढं, हळदीनं पिवळं झालेलं, कांद्या-खोबऱ्याचा वास मारणारं. आमचं उष्टं! उष्ट्या टरफलानं देवाचं पाणी घालायचं? बाळ तसंच लिंबोत जाईल आणि मी नरकात. मी ते फेकून दिलं.

समुद्रावर मोठे शिंपले मिळतात. बाळाला घरी ठेवून गेले आणि तेवढ्यात ते गेलं तर? मी त्याला छातीशी घट्ट धरलं आणि मागच्या दारानं निघाले. अनवाणीच. पळता येत नव्हतं, पळलं तर त्याची मान हलत होती. म्हणून भराभर चालत होते आणि मोठमोठ्यानं त्याच्याशी बोलत होते. “थांब हां. आलंच. थांब जरा. आता मिळेल शिंपला. श्वास घे. घे ना रे!”

वाट सिमेतरीवरून जात होती. केवड्याच्या कोपऱ्याशी आले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बहीण केवड्याच्या आतून बघतेय, आणि याला बोलावतेय. तिथून सुरूच्या बनातून कशी गेले आठवत नाही. पायात सुया घुसल्या एवढं आठवतं.

समुद्राला ओहोटी होती. लांबपर्यंत ओली काळी वाळू आणि तिच्यावर चिटपाखरू नाही. मी खाली वाकून शोधत सुटले. एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं वाळू उकरत. खुबे होते, कालवांची धारदार टरफलं होती, चिमुकले पांढरे शिंपले ढिगानं होते. पंख्यासारखा, रेघांचा, तळहाताएवढा एकही नाही. असा शिंपला आमच्या किनाऱ्यावर मिळतच नाही हे मला कोण सांगणार? तो परदेशातल्या समुद्राचा होता. एक मिळाला जरा तसा, रेघा असलेला. मी आनंदानं ओरडलेच. डबक्यातल्या पाण्यात बुडवून वर काढला तर बुडाला भोक. पाणी टपटप खाली गळून गेलं. पुन्हा भरला, पुन्हा गळला.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाळानं बराच वेळ श्वास घेतलेला नाही.

“ए,” मी म्हटलं. “ए, बाळा.” मी त्याला हलवलं. त्याचं तोंड उघडलं, थोडंसं मिटलं, पुन्हा उघडलं, आणि एक बारीकसा श्वास आत गेला. तो शेवटचाच असावा असं मला वाटलं.

मी तो भोकाचा शिंपला टाकला. डबक्याशी गुडघे टेकले, बाळाला मांडीवर घेतलं, ओंजळ एका हातानं होत नाही म्हणून नुसता तळहात खोलगट केला आणि समुद्राचं पाणी घेतलं. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. नाव हवं होतं. नाव मी ठरवलंच नव्हतं! समोर समुद्र होता, कोळ्यांचा संत आठवला, म्हणून म्हटलं, “आंद्रू, मी तुला पित्याच्या,” आणि पाणी घातलं, “आणि पुत्राच्या,” आणि पुन्हा पाणी घातलं, “आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.”

थंड खारं पाणी कपाळावरून डोळ्यांत गेलं. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडलं. रडलं म्हणजे काय, मांजरीचं पिल्लू करतं तेवढा आवाज. पण रडलं! मी त्याच्या तोंडाला तोंड लावून रडायला लागले.

परत येताना माझ्या फ्रॉकचा घेर चिंब झाला होता. केवड्याच्या कोपऱ्याशी मी थांबले. आता डोळे मिटवेनात. तो सपाट दगड, त्याच्याभोवती काटेरी पानं. एकाला पाणी मिळालं आणि दुसरी तशीच, हे मला बरं वाटेना. कुणी बघत नाही असं बघून मी फ्रॉकचा घेर एका हातानं धरून दगडावर पिळला. नावही दिलं. तेच शब्द म्हटले. मग भीती वाटली की हे करायचं नसतं की काय, आणि मी घराकडे पळत सुटले.

दुर्पदामावशी अंगणात उभी राहून माझ्या नावानं ओरडत होती. “कुठं मेली होतीस गं पोराला घेऊन? उन्हातान्हात! तुझी आय शुद्धीवर आलीय, पोर मागतेय!”

आय भिंतीसारखी पांढरी पडली होती. मी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तिनं त्याच्या ओल्या केसांना बोट लावलं.

“पाणी घातलंस?”

“घातलं.”

“देव बरं करो गं, माझे बाय.” आयनं डोळे मिटले, आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. “नाव काय ठेवलंस?”

“आंद्रू.”

“आंद्रू,” ती त्याला म्हणाली. “आंद्रू, बघ, मी तुझी आय.”

शिंपल्याचं मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? आंद्रू तिच्या छातीवर ऊन कलेपर्यंत होता. मग गेला. केव्हा गेला ते आयलाही कळलं नाही, मावशीनंच हात लावून सांगितलं. आय रडली, पण मागच्यासारखी नाही. पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आत जाईल माझा आंद्रू. आत जाईल.” आणि मी दाराआड उभी राहून ते ऐकत होते.

मावशीनं आपल्या वाडीतल्या पोराकडून निरोप धाडला होता. दिवे लागायच्या आत बा आला, अंगात तोच पांढरा डगला, पितळी बटणं. त्याच्यामागे फादर हिलरी, आणि त्यांच्यामागे सिस्टर लिबेराता. सिस्टरांना बघितलं आणि मी दाराआड सरकले. त्यांनी विचारलं तर?

फादर आत जाऊन आले, बाळाच्या कपाळावर क्रूस करून आले. औषधपाण्याचं मावशीशी बोलले. आयला आत ग्लानी आली होती. मग ओटीवर बाकावर बसून त्यांनी मला पुढ्यात बोलावलं.

“बाप्तिस्मा तू दिलास, बाय?”

“हो, फादर.”

“कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“मला विचारावं लागेल. घाबरू नको. बाळाला आत ठेवायचं तर मला खात्री हवी ना? पाणी कुठलं होतं?”

“समुद्राचं.”

बानं मान वर केली. “समुद्राचं? माठ भरलेला असताना समुद्रावर कशाला गेलीस?”

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. दोन्ही चित्रं माझ्यापुढे होती. शिंपला होता म्हटलं तर मी खोटं बोलले, मग ज्वाळा आणि बिनकाट्यांचं घड्याळ. नव्हता म्हटलं तर आंद्रू उद्या केवड्यात, आणि आय? आयला कोण सांगणार? ‘होता’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. खरंच आला होता. कायमचं जळावं लागलं तरी चालेल, पण आयला पुन्हा पदराखाली मेणबत्ती न्यायला लागू नये, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

“बरं, तोंडानं सांगू नको,” फादर म्हणाले. “कसं केलंस ते करून दाखव मला.”

बाकावर उशी होती. मला खाली बसवून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. मी उशी डाव्या हातानं धरली, आणि उजवा हात पाण्यात घालायला खाली नेला. हात आपोआप खोलगट झाला, बोटं मिटली. मी तो उशीवर नेला आणि सगळ्यांच्या देखत तो तसाच होता, रिकामा. शिंपला धरलेला हात असा नसतो. मला ते दिसलं, आणि मला वाटलं, सगळ्यांनाच दिसलं.

“नव्हता!” मी किंचाळले. “शिंपला नव्हता, फादर! मी शोधला, खूप शोधला, एक मिळाला त्याला भोक होतं! तो श्वास घेत नव्हता, म्हणून हातानंच घातलं. त्याला बाहेर टाकू नका! मी उद्या शोधून आणते, मोठा आणते, पुन्हा घाला, पण बाहेर टाकू नका हो!”

“कसला शिंपला?” फादरांनी विचारलं. त्यांनी बाच्या तोंडाकडे बघितलं. “काय म्हणतेय ही?”

बाला काय ठाऊक? तो नुसता डगल्याचं बटण पिळत उभा.

सिस्टर लिबेराता खांबाला धरून उभ्या होत्या. “चित्रात आहे, फादर,” त्या म्हणाल्या. “माझ्या चित्रात आहे. तिनं काढला नव्हता म्हणून... मीच तिला सांगितलं.”

फादरांनी माझा तो हात, अजून खोलगटच होता, आपल्या हातात घेतला.

“शब्द काय म्हटलेस?”

मी म्हटले.

“पाणी कपाळावरून वाहिलं?”

“डोळ्यांत गेलं. तो रडला.”

“मग झालं, बाय. पुरा बाप्तिस्मा झाला. शिंपला चित्र काढणाऱ्यानं घातला. देवानं मागितलेला नाही. आंद्रू आत जाईल.”

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी हसेन. पण मी उशीत तोंड खुपसून इतकी रडले की बानं मला उचलून घेतलं. कधी नव्हे ते. पितळी बटणं गालाला टोचत होती. आणि आता सगळं विचारून झालंय तर हेही सांगून टाकावं, म्हणून मी त्याच्या खांद्यावरूनच म्हटलं, “फादर, मी अजून एकीला पण दिला.”

“कुणाला?”

“बहिणीला. केवड्यातल्या. फ्रॉक पिळून. मारी नाव ठेवलं.”

बाचा हात माझ्या पाठीवर थांबला. दुर्पदामावशीनं पदर तोंडाला लावला. फादरांनी चष्मा काढला, झग्याला पुसला, पुन्हा घातला. हे चालतं की नाही, ते बोललेच नाहीत. मेलेल्यांना बाप्तिस्मा देत नाहीत, हे मी पुढे मोठी झाल्यावर शिकले. तेव्हा ते फक्त उठले आणि बाला म्हणाले, “इनास, सकाळी भिंतीला लागून खण. केवड्याच्या कोपऱ्यात. आतल्या बाजूनं.”

सकाळी आम्ही थोडेच जण होतो. बानं पेटी हातातच आणली होती, तेवढीच होती ती. आय घरी अंथरुणात. फादरांनी प्रार्थना म्हटल्या, पाण्याच्या डबीत कुंचला बुडवून पेटीवर पाणी शिंपडलं, खड्ड्यात शिंपडलं. बानं माती लोटली. आता संपलं म्हणून लोक क्रूसाची खूण करायला लागले, तर फादर जागचे हलेनात. त्यांनी कुंचला पुन्हा बुडवला, चांगला बुडवला, भिंतीकडे बघितलं आणि हात उंच करून पाणी भिंतीपलीकडे उडवलं. केवड्याच्या पानांवर ते पडल्याचं ऐकू आलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“आमेन,” सिस्टर लिबेराता मोठ्यानं म्हणाल्या. मग सगळेच म्हणाले.

सिस्टर मला त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी बाप्तिस्म्याचं चित्र खाली उतरलं तेव्हा दोन्ही शिंपल्यांवर पांढरा कागद डकवलेला होता. आणि लिंबोची गुंडाळी मी त्या शाळेत असेपर्यंत पुन्हा कधी कपाटाबाहेर आली नाही.

पण त्या सकाळचं सांगत होते. सिमेतरीतून मी पळतच घरी आले. आय दाराकडे डोळे लावून पडली होती.

“कुठं ठेवलं?”

“आत. भिंतीला लागून.”

“कुठल्या भिंतीला?”

“केवड्याच्या.”

आय छपराकडे बघत राहिली. मी तिच्या अंथरुणावर बसले. “आणि आय, फादरांनी भिंतीपलीकडे पण पाणी उडवलं. पानांवर पडलं, आम्ही ऐकलं. मारीवर उडवलं.”

“मारी कोण?”

मला वाटलं होतं, बानं सांगितलं असेल. त्यानं नव्हतं सांगितलं. मग मीच सांगितलं, फ्रॉकचं आणि दगडाचं आणि शब्दांचं. आय ऐकत होती. तिची मुलगी जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत तिला हाक मारायला आयकडे काही नव्हतं.

“मारी,” आय म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं, “मारी.”

मग तिनं माझ्या केसांतली वाळू झाडली आणि म्हणाली, “जा, पेज घे वाढून. कालपासून पोटात काही नाही तुझ्या.”